इंटरनेटच्या गावगाड्यात सरकारचा सल्ला



आज एका दूरच्या कारभाराची ओळख करून घ्यायची आहे. पण सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून, म्हणजे गावातल्या टपालपेटीपासून करू.

आपल्या महाराष्ट्रात वडगावे किती असतील बरे? आणि पिंपळगावे? मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. पाकिटावर नुसते 'मुक्काम पोस्ट वडगाव' लिहिले, तर पोस्टमनने जावे कोठे? हा घोळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो बसवणारे गृहस्थ होते श्रीराम भिकाजी वेलणकर. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी, आपले मराठी माणूस. त्यांनी सहा आकड्यांची अशी रचना केली की नाव एक असो वा भाषा वेगळी असो, पत्र नेमक्या टपालकचेरीत जाऊन पडावे.

आता कल्पना करा. सगळ्या जगाची मिळून एकच टपालव्यवस्था आहे. तिच्यात गावाचे नाव कोणीही अर्ज करून मागू शकतो. मग 'वडगाव' हे नाव कोणाला द्यायचे? मावळातल्याला, की परदेशातल्या वडगाव नावाच्या एखाद्या कंपनीला? हे ठरवायचे कोणी? आणि त्या वेळी आपल्या सरकारला तेथे काही बोलता येते का?

मंडळी, ही कल्पना नव्हे. इंटरनेटवर हे रोज घडत आहे. म्हणून हा विषय.

नावांची वही

तुमच्या मुलाच्या हातातला मोबाईल आणि दूरवरचा संगणक एकमेकांना ओळखतात ते आकड्यांनी. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. पण माणसाला लांबलचक आकडे कोठून लक्षात राहणार? म्हणून आकड्याला नाव जोडायची सोय झाली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही पद्धत आखली. तिला डोमेन नावांची पद्धत म्हणतात. आपण नाव टाकतो आणि यंत्रे आपसात विचारपूस करून त्या नावाचा क्रमांक शोधतात.

हे नाव वाचावे कसे? पाकिटावरच्या पत्त्यासारखे, शेवटाकडून. पाकिटावर आधी घर, मग गल्ली, मग गाव आणि शेवटी जिल्हा असतो. इंटरनेटच्या नावातही सर्वांत मोठा विभाग शेवटी येतो. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी', 'डॉट इन' हे ते शेवटचे तुकडे. 'डॉट इन' म्हणजे भारत. हे नाव १९८९ साली आपल्या वाट्याला आले. त्याचा कारभार सुरुवातीची कित्येक वर्षे मुंबईत जुहूला असलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता.

अशा शेवटच्या तुकड्यांची जगात एकच यादी असते. तिला आपण मूळ यादी म्हणू. तलाठ्याच्या दप्तरात ज्याचे नाव नाही, त्याची जमीन कागदावर नाही. तसेच या यादीत जो तुकडा नाही, तो इंटरनेटवर चालत नाही. आता तुम्ही विचाराल, हे दप्तर आहे तरी कोणाच्या ताब्यात?

पुष्कळ वर्षे ते जॉन पोस्टेल या एका सज्जन माणसाच्या देखरेखीखाली होते. ते कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात काम करीत. दाढीवाले, साधे गृहस्थ. काम त्यांच्या सचोटीवर चालले होते. पण व्याप वाढला, पैसा आला, तंटे आले. एका माणसाच्या भल्या स्वभावावर जगाचे दप्तर किती दिवस चालणार? म्हणून ३० सप्टेंबर १९९८ रोजी 'आयकॅन' नावाची संस्था स्थापन झाली. ती नफ्यासाठी नाही, नोंदणी कॅलिफोर्नियातली. दुर्दैव असे की त्यानंतर जेमतेम सोळा दिवसांनी पोस्टेल वारले.

सरकारांची खुर्ची

आयकॅनची घडण आपल्या सहकारी सोसायटीची आठवण करून देणारी आहे. तिच्यात नावे विकणाऱ्या कंपन्या आहेत, यंत्रज्ञ आहेत, विद्यापीठे आहेत, सामान्य वापरणाऱ्यांच्या संघटना आहेत. या सर्वांच्या वतीने निर्णय घेणारे एक संचालक मंडळ आहे. त्यात मतदानाचा हक्क असलेले १६ संचालक आहेत.

आणि सरकारे? सरकारांसाठी एक वेगळी समिती आहे. तिचे नाव शासकीय सल्लागार समिती. तिची पहिली बैठक मार्च १९९९ मध्ये सिंगापूरला भरली. आज १८० हून अधिक देश व प्रदेशांची सरकारे तिच्यात आहेत. भारतही आहे. आपल्या बाजूने इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय हे काम पाहते.

नावातला 'सल्लागार' हा शब्द नीट ध्यानात ठेवा. सगळी गोम त्या शब्दात आहे. ही समिती हुकूम देत नाही. सोसायटीच्या सभेला सहकार खात्याचा अधिकारी येतो, खुर्चीवर बसतो, चार गोष्टी सांगतो, पण हात वर करून मत देत नाही. तसेच येथे आहे. समितीचा अध्यक्ष आयकॅनच्या संचालक मंडळात बसतो, बोलतो. मात्र त्याला मत नाही.

"मग त्या सल्ल्याला विचारतो कोण?" असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की त्या सल्ल्याला वजन यावे म्हणून नियम केलेले आहेत.

पहिला नियम एकमताचा. समिती सल्ला ठरवताना बहुमताने मोजदाद करीत नाही. चर्चा होते, मसुदा फिरतो, शब्द बदलतात. शेवटी एकाही सरकारचा औपचारिक विरोध उरला नाही, म्हणजे एकमत झाले असे धरतात. कोणी सरकार "मला पसंत नाही, पण मी आडवा येत नाही" असे म्हणून बाजूला राहू शकते. पण एकानेही ठामपणे "नाही" म्हटले की एकमत मोडले. येथे मोठा देश आणि चिमुकले बेट सारखेच.

दुसरा नियम संचालकांवर बंधन घालणारा. समितीने एकमताने सल्ला दिला आणि संचालकांना तो मानायचा नसेल, तर साधे बहुमत चालत नाही. १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्यासाठी ६० टक्के मते लागतात. शिक्षक मंडळींनी वर्गात हे गणित घालावे: सोळांचे साठ टक्के किती? नऊ पूर्णांक सहा दशांश. माणूस काही दशांशात मोजता येत नाही, म्हणून दहा संचालकांनी हात वर केला तरच सल्ला फेटाळता येतो. आणि फेटाळला तरी प्रकरण संपत नाही. का फेटाळला ते लिहून द्यावे लागते आणि सरकारांबरोबर बसून दोघांना मान्य होईल असा मार्ग शोधण्याचा मनापासून प्रयत्न करावा लागतो.

तिसरा नियम सरकारांवरच आहे. सल्ला लेखी, स्पष्ट आणि कारणांसह द्यायचा. हा तिसरा नियम किती मोलाचा आहे, हे एका नदीच्या गोष्टीवरून कळते. ती जरा सविस्तर सांगतो.

नदीचे नाव कोणाचे?

२०१२ साली आयकॅनने जाहीर केले की मूळ यादीत नवी नावे घालायची आहेत, अर्ज करा. फी साधीसुधी नव्हती. एका अर्जाला १,८५,००० अमेरिकी डॉलर. तरीही १,९३० अर्ज आले. त्यात ॲमेझॉन या अमेरिकी व्यापारी कंपनीचा 'डॉट ॲमेझॉन' या नावासाठी अर्ज होता.

आता ॲमेझॉन हे कंपनीचे नाव खरे, पण त्याआधी ते दक्षिण अमेरिकेतल्या महानदीचे नाव आहे. त्या नदीच्या खोऱ्यात ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया असे देश आहेत. जंगल आहे, तेथले आदिवासी आहेत. ब्राझील आणि पेरू यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात हरकत घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हे नाव आमच्या भूमीचे आहे, उद्या तेथल्या लोकांना आपली ओळख सांगायला हेच नाव लागेल, ते एका दुकानदाराच्या मालकीचे होऊ नये.

कंपनीचे म्हणणेही अगदी पोकळ नव्हते. आमच्या व्यापारचिन्हाची नोंद आहे, नियम पाळून अर्ज केला आहे आणि त्या नियमांत नद्यांची नावे राखून ठेवलेली नाहीत. मग आता खेळ सुरू झाल्यावर नियम का बदलता?

एप्रिल २०१३ मध्ये बीजिंगला सल्लागार समिती बसली. एकमत होईना. जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला पुन्हा बैठक झाली. त्या वेळी अमेरिकेने तटस्थ राहायचे ठरवले. वाट मोकळी झाली आणि समितीने एकमताने सांगितले की हा अर्ज पुढे नेऊ नये. मे २०१४ मध्ये आयकॅनने सल्ला मानून अर्ज नाकारला.

येथे गोष्ट संपली असे वाटेल. पण कंपनीने दाद मागितली. आयकॅनच्या निर्णयांची तपासणी करणारे स्वतंत्र पंच असतात. त्यांच्यापुढे सुनावणी झाली आणि जुलै २०१७ मध्ये पंचांनी बहुमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. त्याचा मथितार्थ असा: सरकारांनी 'नको' म्हटले, पण 'का नको' हे सल्ल्यात लिहिले नाही. आणि संचालकांनीही स्वतः विचार न करता नुसती मान डोलावली. सल्ल्याचा मान राखणे वेगळे आणि आपली अक्कल गहाण टाकणे वेगळे.

गावच्या पंचायतीतही असेच होते, नाही का? कोणी वडीलधारा म्हणतो, "हे काम होऊ द्यायचं नाही." का म्हणून विचारले तर म्हणतो, "मी सांगतो म्हणून." चार दिवस त्याचे चालते. पण प्रकरण कोर्टात गेले की कारण लागते.

पुढे वाटाघाटी झाल्या. नदीखोऱ्यातल्या आठ देशांची एक सहकार संघटना आहे. तिच्याबरोबर बोलणी चालली. कंपनीने वाचनयंत्रे आणि संगणकसेवा देऊ केल्याच्याही बातम्या आल्या. पण त्या देशांचा सवाल वस्तूंचा नव्हता, नावाच्या कारभारात वाटा मिळण्याचा होता. तडजोड काही जमली नाही. मे २०१९ मध्ये संचालकांनी अर्ज पुढे नेण्याचा निर्णय दिला आणि २०२० साली ते नाव मूळ यादीत कंपनीच्या नावे चढले. काही सांस्कृतिक महत्त्वाची नावे वापरणार नाही असे कंपनीने कबूल केले.

म्हणजे एकमताचा सल्ला होता, आठ देश पाठीशी होते, तरी सात वर्षांच्या झुंजीनंतर नाव गेले. याच काळात दुसरे एक प्रकरण मात्र उलट सुटले. पॅटागोनिया हा अर्जेंटिना आणि चिली या देशांचा प्रदेश. त्याच नावाच्या एका कपड्यांच्या कंपनीने अर्ज केला होता. सरकारांची हरकत आल्यावर तिने २०१३ साली आपणहून अर्ज मागे घेतला. सल्ल्याची ताकद कायद्यात थोडी आणि समोरच्याच्या मनावर पडणाऱ्या दबावात जास्त असते, हे त्यावरून दिसते.

रामाचे नाव आणि मेंढ्याचा ट्रक

आता आपल्या देशाची गोष्ट. त्याच फेरीत अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीने 'रॅम' हे नाव मागितले. इंग्रजीत रॅम म्हणजे मेंढा, आणि तिच्या ट्रकचे नावही तेच. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण इंग्रजी अक्षरांत ते लिहिले की आपल्याकडचा माणूस 'राम' असेच वाचणार! भारत सरकारने हरकत नोंदवली. 'इंडियन्स' या नावाच्या अर्जालाही हरकत घेतली, आणि तो अर्ज आपल्याच देशातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाचा होता.

डर्बनच्या निवेदनात समितीने भारताच्या या चिंतेची नोंद केली. ध्यानात घ्या, नोंद केली. ॲमेझॉनसारखा एकमताचा सल्ला दिला नाही. तरीही ही दोन्ही नावे मूळ यादीत आली नाहीत.

यात शिकण्यासारखे काय? समितीत आपला माणूस हजर नसता, वेळेवर बोलला नसता, तर मेंढ्याच्या ट्रकाआड रामाचे नाव लपले आहे हे परदेशात कोणाच्या ध्यानात येणार होते? दूरच्या सभेत आपल्या गावची खूण सांगणारा माणूस लागतो. एवढ्यासाठी तरी ती खुर्ची मोलाची आहे.

कधी कधी सरकारांमध्येच दोन तट पडतात. 'वाइन' या नावाचे तसे झाले. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांतल्या द्राक्षबागायतदारांना धास्ती वाटली की उद्या कोणीही आपल्या प्रसिद्ध मुलखाचे नाव लावून भलतीच दारू विकेल. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना ही धास्ती समजावून सांगायला नको. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांना त्या संरक्षणाची पद्धत मान्य नव्हती. एकमत झाले नाही, आणि एकमत नाही म्हणजे बंधनकारक वजनाचा सल्लाही नाही. शेवटी बागायतदारांच्या संघटना आणि नाव मागणारी कंपनी यांनी आपसात करार करून मार्ग काढला.

आणि कधी संचालकच सल्ल्याविरुद्ध जातात. प्रौढांसाठीच्या अश्लील मजकुरासाठी एक वेगळे नाव हवे, असा एक अर्ज होता. अनेक सरकारांनी नापसंती कळवली. एकदा ते नाव नाकारलेही गेले. पण पंचांपुढे दाद मागितली गेली आणि मार्च २०११ मध्ये संचालकांनी सरकारांचे म्हणणे बाजूला ठेवून ते मंजूर केले.

मग सगळे सरकारांच्याच हाती का देऊ नये?

हा प्रश्न मनात आला असेल, तर तो तुमचा एकट्याचा नाही. आपल्या देशालाही तो पडला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघात सूचना मांडली की इंटरनेटच्या धोरणासाठी ५० देशांची एक समिती राष्ट्रसंघाखाली असावी. त्यामागे कारण होते. आयकॅन निघाली खरी, पण मूळ यादीत फेरफार करताना अमेरिकी सरकारच्या व्यापार खात्याची संमती लागत असे. म्हणजे बाकीच्या सरकारांनी सल्ला द्यायचा आणि एका सरकारने शिक्का मारायचा. हे आपल्याला कसे रुचावे?

२०१३ साली अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रे उजेडात आली आणि जगभर अविश्वास वाढला. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने जाहीर केले की आपण ही देखरेख सोडू. पण अट घातली की ती दुसऱ्या सरकारच्या वा सरकारांच्या संघटनेच्या हाती जाता कामा नये. दोन वर्षे खल झाला आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तो शिक्का कायमचा बाजूला पडला. दरम्यान भारतानेही आपला विचार बदलला होता. जून २०१५ मध्ये ब्युनोस आयरिसच्या बैठकीसाठी त्या वेळचे केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी भारताची भूमिका कळवली, की सरकारे, उद्योग, तज्ज्ञ आणि नागरिक यांनी मिळून कारभार करण्याची पद्धत आम्हाला मान्य आहे. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात आयकॅनची बैठक हैदराबादला भरली.

दोन्ही बाजूंचा विचार करू. नावांची वही सर्वस्वी सरकारांच्या हाती दिली, तर एखादे सरकार रागाच्या भरात दुसऱ्या देशाचे नावच खोडायला निघेल. दोन गट पडले तर दोन वह्या होतील. मग तुम्ही एक नाव टाकाल आणि पुण्यात एक ठिकाण उघडेल, दुबईत दुसरे. विहीर एकच होती, तिच्यात भिंत घातली, आता पाणी कोणालाच पुरत नाही, अशी गत व्हायची.

उलट सगळे बाजारावर सोडले, तर ज्याच्या थैलीत पैसा त्याचे नाव. नदीही त्याची आणि देवही त्याचा. गोरगरिबांच्या वतीने बोलायला तेथे कोण जाणार? विमानाचे भाडे तरी कोण भरणार? मतदार ज्याला जाब विचारू शकतो, असा तेथे हजर असलेला माणूस सरकारचाच असतो.

म्हणून मधला मार्ग निघाला: सरकारने बोलावे, कारण द्यावे, समोरच्याला ऐकायला भाग पाडावे, पण दप्तर स्वतःच्या कपाटात कुलूपबंद करू नये. हा मार्ग पूर्ण निर्दोष आहे असे नाही. नदीखोऱ्यातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, "आमचं ऐकलं सगळ्यांनी, पण दिलं काय?" त्याचे म्हणणे खोटे नाही. ते विसरून या पद्धतीचे गोडवे गाऊ नयेत.

घरात मात्र आपलाच शब्द

आतापर्यंत जगाच्या यादीबद्दल बोललो. पण 'डॉट इन' या आपल्या देशाच्या नावाखाली कोणते नाव कोणाला द्यायचे, हे ठरवताना सल्ला नव्हे, आपलाच शब्द चालतो. २००५ पासून हा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. त्या अधिकाराचा उपयोग कसा होतो, याचे एक ताजे उदाहरण थेट तुमच्या खिशाशी संबंधित आहे.

समजा, दूध सोसायटीच्या सचिवांना मोबाईलवर निरोप आला: 'तुमचे बँक खाते बंद होत आहे, खालच्या पत्त्यावर जाऊन माहिती भरा.' पत्ता उघडला तर हुबेहूब बँकेचे पान. माहिती भरली आणि महिनाभराचे दूधबिल गेले! असे प्रकार आपण ऐकतो. खऱ्या बँकेची खूण पटवायची कशी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की भारतातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असा खास शेवट राखून ठेवला जाईल. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते त्यावर आणावेत असे बजावले. ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या एकाच संस्थेकडे सोपवले. बँक नसलेल्याला हा शेवट मिळत नाही. गंमत अशी की बँक, विमा, औषधालय यांसारखी विश्वासाची नावे पारखून द्यावीत, असा सल्ला सरकारांच्या समितीने २०१३ सालीच बीजिंगच्या बैठकीत जगाला दिला होता. तेथे सल्ला होता, येथे नियम झाला.

पण खूण नीट वाचायला हवी. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच अलीकडे 'डॉट बँक डॉट इन' असले पाहिजे. रेघ नसेल तर अगदी शेवटी. मधे कोठेतरी हे शब्द असून पुढे आणखी 'डॉट' आणि भलतेच काही आले, किंवा टिंबाच्या जागी आडवी रेघ असली, तर तेथे थांबा. आपल्या गावची पतसंस्था ही कायद्याने बँक नव्हे, तेव्हा तिच्याजवळ हा शेवट नसणारच. म्हणून ती खोटी असे समजू नका. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितका उशीर तितका पैसा दूर.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हा शेवट देवनागरीत मिळू लागला. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांची त्यात सोय झाली. पुढे जगाच्या मूळ यादीत देवनागरी नाव कोणत्या अक्षरांनी लिहिता येईल याचे नियम करायला भाषातज्ज्ञांचे मंडळ बसले. त्या वेळी एक अडचण आली, ती मराठी शिक्षकांना ऐकताक्षणी समजेल. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. फरक त्या अर्ध्या र चा. संगणकावर हा र उमटवायला काही वेळा एक न दिसणारे चिन्ह वापरतात. न दिसणारी चिन्हे मूळ यादीत चालत नाहीत, कारण त्यांच्या आडून फसवणूक होते. मग तज्ज्ञांनी वेगळ्या अक्षराच्या आधाराने त्या अर्ध्या र ला जागा करून दिली. २०१९ साली हे नियम जागतिक नियमांत सामील झाले. मराठी जाणणारा माणूस त्या कामात नसता, तर आपल्या दऱ्या कायमच्या दर्यात बुडाल्या असत्या!

शाळेत काय करता येईल?

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय नागरिकशास्त्राच्या तासाला सहज घेता येईल. वर्गात दहा मुलांना दहा देश द्या, एकाला कंपनी करा आणि पाच जणांना संचालक. नाव आपल्याच भागातले घ्या. गावच्या नदीचे, डोंगराचे किंवा यात्रेच्या देवाचे नाव एका कंपनीने मागितले आहे, असे समजा. देशांनी एकमताने सल्ला लिहायचा, पण प्रत्येक वाक्यापुढे 'कारण' लिहायचेच. मग संचालकांनी निर्णय द्यावा आणि नाकारला तर तेही कारणासह. तासाभरात मुलांना कळेल की एकमत करणे किती अवघड, 'नको' म्हणणे किती सोपे आणि 'का नको' हे लिहिणे किती कष्टाचे.

आणि वडीलधाऱ्यांनो, आयकॅनने २०२६ साली नव्या नावांसाठी पुन्हा अर्ज मागवण्याचे ठरवले. या वेळची फी २,२७,००० डॉलर. म्हणजे नावांचे तंटे पुन्हा निघणार. आपल्या हळदीला, हापूसला, पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण नावाची किंमत जाणली. इंटरनेटवरच्या नावाचीही तीच किंमत आहे. आपल्या मुलखातले एखादे नाव तेथे कोणी मागत आहे असे कळले, तर लोकप्रतिनिधींना आणि मंत्रालयाला पत्र लिहा. पत्रात नाव कोणाचे, किती जुने, ते गेल्याने कोणाचे काय नुकसान होईल, हे सगळे मांडा.

सरकार तेथे बोलेल ते आपल्या वतीने. पण काय बोलायचे, हे त्याला आपणच सांगितले पाहिजे. ॲमेझॉनबद्दलच्या सल्ल्यात जी कारणे राहून गेली, ती आपल्या पत्रात राहू नयेत, एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.